खलाटीचा बांध

आई, तुझा बांध मी फोडला. तू गेलीस त्याच्या पुढच्या सालच्या चैत्रात, दिवसाढवळ्या, सगळ्या वाडीच्या देखत. हे तुला सांगायला मी इतकी वर्षं लावली ती भीतीपोटी नव्हे. मला तुझी भीती कधी वाटलीच नाही, आणि तुझा माझ्यावर राग होता तो मुख्यतः त्याचाच. पण या एका बांधावरून आपण जिवंतपणी इतकं भांडलो होतो की मेलेल्या माणसाशी पुन्हा तेच उकरून काढायचं माझ्या जिवावर आलं होतं. आता माझे केस तुझ्यापेक्षा जास्त पिकलेत. ज्या वयात तू गेलीस ते वय मी कधीच मागे टाकलं. वयानं मी आता तुझी थोरली बहीण शोभेन, तेव्हा थोडं वरच्या आवाजात बोलले तर ऐकून घे.

तुझी बाजू मला ठाऊक नाही असं समजू नकोस. भाकरी थापता थापता तू ती मला इतक्यांदा ऐकवलीस की मी झोपेतही सांगेन. आंबेनळी घाटाच्या खालच्या अंगाला तुझं माहेर. तिथली शेतं म्हणजे डोंगराला टेकवलेल्या पायऱ्या, प्रत्येक पायरीला दगडांचा ताल, आणि त्या तालामागं कोंडून धरलेली मूठभर तांबडी माती. पाऊस तिथं थांबायला येतच नाही. तो पळत येतो आणि हाताला लागेल ते घेऊन पळत जातो. तू परकरात होतीस तेव्हा एका श्रावणात तुमचा मोठा ताल सुटला. भात गेलंच, पण माती गेली, खालचा कातळ उघडा पडला, आणि पुढं किती तरी पावसाळे तुम्ही रानातले कंद उकडून काढलेत. तुझे वडील त्या उघड्या कातळावर नुसते बसून राहायचे. हे सांगताना तुझा हात थांबायचा आणि तव्यावरची भाकरी करपायची. "पाऊस परत येतो गो," तू म्हणायचीस, "मुंबैला गेलेला मानूस पन परत येतो. माती गेली ती गेली." एवढं बोलून तू करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात वाढून घ्यायचीस.

बाबा तेव्हा मुंबईला गिरणीत होते. पोलादपूरच्या वरच्या वाडीत आपल्या वाट्याला आलेली जमीन नुसती नाचणी-वरीपुरती, म्हणून त्यांनी महाडच्या अलीकडे सावित्रीकाठची ही खलाटी खोताकडून कायमची लावून घेतली आणि तुला-मला खाली आणून ठेवलं. दगड नसलेली, सपाट, काळसर भातजमीन बघून तू म्हणे तिला हात जोडलेस. शेजारच्या कुणालाच ती का नको होती, हे विचारायचं आपल्या कुणाला सुचलं नाही. नदीकाठची जमीन नदीकडेच उतरत असणार, असं डोंगरातल्या माणसाला वाटतं. इथं उलटं आहे. पुराचं पाणी काठ ओलांडताना जाडसर गाळ तिथंच टाकून देतं, म्हणून काठ उंच होत जातो. मागं जिथं पाणी नुसतं उभं राहतं तिथं पिठासारखी बारीक माती बसते आणि जागा खोलगट राहते. आपली खलाटी नेमकी त्या खोलगटात. आलेल्या पाण्याला बाहेर जायला वाट एकच, ओढ्याकडचा कोपरा. तू शेताला चक्कर मारलीस, त्याच कोपऱ्यापाशी थांबलीस आणि कपाळावर हात मारलास. "हितनं तर सगळं वाहून जाईल," म्हणालीस. त्याच उन्हाळ्यात तू तिथं बांध घालायला घेतलास.

खलाटीची माती बांधाला धरत नाही, सुकली की फाटते, हे तुला पहिल्याच वर्षी कळलं. मग तू मागच्या टेकडीवरून तांबडी माती टोपल्या भरभरून डोक्यावरून आणलीस. ओढ्यातले दगड वेचलेस. माहेरी गेलीस ती येताना त्या सुटलेल्या तालाचा एक दगड डोक्यावर घेऊन घाट उतरलीस, तो बांधावर बसवलास आणि त्यालाच शेताची राखण मानलंस. दर पेरणीआधी त्याला नारळ आणि दहीभात. खालच्या बायका हसल्या, की ही डोंगरातली बाई दगडांच्या मुलखातून दगड घेऊन आली. तू कुणाला उलटून बोलली नाहीस. पुढच्या वर्षी बांध हातभर उंच केलास, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. बाबा शिमग्याला घरी यायचे, बांधावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचे आणि म्हणायचे, कारभारणीनं किल्ला बांधलाय. तू लाजायचीस. एवढी लाजलेली मी तुला दुसऱ्या कशावरून पाहिली नाही.

आता मातीचं ऐक. तुला डोंगर कळत होता, मला ही माती कळत होती, कारण मी तिच्यातच रांगले. पावसात तिच्यात पाय घातला की पोटरीपर्यंत आत जातो आणि काढू म्हटलं तर ती सोडत नाही. वर बोटभर तपकिरी, त्याच्या खाली निळसर राखाडी, आणि तिथून वर येतो तो वास नासक्या अंड्याचा. काठावरच्या शेतांतलं पाणी पूर ओसरला की ओसरायचं. आपलं गणपती येऊन गेले तरी उभंच, आणि त्याच्यावर गंजाच्या रंगाची चकचकीत साय. तू म्हणायचीस, कुणीतरी जळून तेल ओतलंय. मी बोटानं ती साय मोडायचे तर तिचे तुकडे व्हायचे, आणि तेलाचे कधी तुकडे होत नाहीत. भाताची पानं टोकाकडून तांबूस पडत जायची. रोप उपटलं तर मुळं काळी, आणि जी काही जिवंत होती त्यांच्यावर तांबडा लेप. दिवाळी सरली की तीच माती दगड व्हायची. नांगर घालायला आज चिखल म्हणून थांबावं तर परवा ढेकळं फुटत नसत. माघात भेगा पडायच्या, त्यात माझा हात कोपरापर्यंत जायचा, आणि तळाशी बोटांना गार ओल लागायची. वरून तहानेनं फाटलेली आणि आतून बुडालेली, अशी ती जमीन होती.

वैशाखात तिच्या अंगावर पांढुरकी भुकटी फुटायची. तू ती जिभेला लावलीस, "खारट नाय, तुरट हाय" म्हणालीस आणि थुंकलीस. मी ढेकूळ फोडून आत बघत बसायचे. राखाडी मातीत जिथं जिथं कधी काळी मूळ होतं तिथं तिथं बारीक तांबडी नळी, आणि अधूनमधून मोहरीएवढे काळे कडक खडे. काठावरच्या शेतात यातलं काहीच नव्हतं. तिथं भात निघालं की वाल पेरायचे, आणि पौष-माघात शेत शेंगांनी भरून जायचं. आपल्या खलाटीत वाल टाकले की अर्धे कुजायचे आणि उरलेले भाजून जायचे. तुला वालाचं बिरडं जिवापाड आवडायचं, आणि ते आपल्या घरात यायचं शेजारणीच्या वाटीतून. ती वाटी परत करताना त्यात काही घालायला नसायचं, म्हणून तू चिमूटभर साखर तरी घालायचीस. एकदा तू त्या मातीची चूल घातलीस, आठवतं? बारीक माती, हाताला लोण्यासारखी लागते म्हणून खूश होतीस. सुकली तशी तिन्ही बाजूंनी तडकली, भाताचं पातेलं कलंडलं आणि पेज सगळ्या स्वयंपाकघरात गेली. मी हसले, तू मला सांडशी फेकून मारलीस, आणि मग तूही हसायला लागलीस. शेवटी चुलीलाही तांबडी माती टेकडीवरूनच आणावी लागली.

मी अकरा-बारा वर्षांची आहे. श्रावण संपत आलाय, भात गळ्याशी पाण्यात उभं आहे आणि पिवळं पडतंय. तू घरी आहेस. मी कुदळ घेऊन कोपऱ्यावर जाते आणि बांधाला वितीएवढी खाच पाडते. पाणी ओढ्याकडे असं काही उसळत निघतं, जसं ते कधीपासून तेवढ्याचीच वाट बघत होतं. मला इतका आनंद होतो की मी टाळ्या वाजवते. टाळ्या ऐकूनच तू धावत येतेस. तू मला मारत नाहीस. तू त्या खाचेत स्वतः बसतेस, पाठ लावून, लुगड्यासकट, आणि मला ओरडतेस, "माती आन! बघत काय उभी राह्यलीस, माती आन!" मी टोपल्या आणते, तू पाठीमागं हात नेऊन थापतेस, आणि तुझ्या डोळ्यांतून पाणी वाहतं आहे. खाच बुजल्यावर तू उठतेस आणि म्हणतेस, "माझ्या बापाचं शेत असंच गेलं. तुझ्या बापाचं मी जाऊ द्यायची नाय."

"पानी साचून सडतंय ते," मी म्हणाले, "वाहून जात नाय. सडतंय."

"तुला लय कळतं. लिवायला शीक आधी, मंग माझ्याशी वाद घाल." आणि तू खरंच दुसऱ्या आठवड्यात मला महाडच्या मुलींच्या शाळेत नेऊन बसवलंस. वाडीतली एकही मुलगी तोवर शाळेत गेली नव्हती. दगडी पाटी तूच घेऊन दिलीस, तीही बाजारातली सगळ्यात मोठी. मी चौथीपर्यंत शिकले, आणि वाद घालायचे तो तोंडीच घालत राहिले. कागदावर घालते आहे तो आज.

लग्नाच्या वेळी तू म्हणालीस, एकुलती एक आहे, घरात राहील असा बघा. तसा तुम्ही शोधलात, खाडीकडच्या गावातला, भावांच्या गर्दीतला. घरजावई म्हणून लोक त्यांना जे बोलायचे ते मी इथं लिहीत नाही. त्यांनी खलाटीत पहिला पाय घातला आणि वास घेऊन म्हणाले, हा तर आमच्याकडच्या खाजणाचा, खाडीच्या चिखलाचा वास. मग तुला म्हणाले, "मामी, आमच्याकडं पन बांध असतो. पन त्याला उघाडी असते. लाकडाची झडप. भरती आली की बंद, ओहोटीला उघडी. पानी आत घ्यायचं नाय, पन आतलं कोंडायचं पन नाय." तू पान लावत होतीस. चुना लावलेलं पान हातात तसंच धरून तू त्यांच्याकडे बघितलंस. "बांधाला दार?" म्हणालीस. "दार ठेवलं तर मंग तो बांध कसला रे?" जावयाला तू कधी अरेतुरे करत नव्हतीस, त्या दिवशी केलंस. ते उठून अंगणात गेले. मी मात्र नेहमीसारखी भांडले, आणि संध्याकाळी तू माझ्या ताटात वाढलंस पण माझ्याशी बोलली नाहीस.

महाडला तळ्यावर माणसं जमली त्याच्या पुढच्या की त्याच्याही पुढच्या पावसाळ्यात तुला हिवताप भरला. भादव्यात थंडी वाजायची, गोधड्यांखाली तू दात वाजवत पडायचीस आणि ताप उतरला की विचारायचीस, "बांध बघितलास?" मी म्हणायचे, बघितला. तू विचारायचीस, "गळतोय कुठं?" मी म्हणायचे, नाही गळत. आणि मनात म्हणायचे, गळला असता तर बरं झालं असतं. अश्विनात तू गेलीस. भात शेतात तांबूस, अर्धवट पोटरलेलं, गुडघाभर पाण्यात उभं होतं. मला रडायचं होतं आणि रागही आवरत नव्हता. मी तुझ्या उशाशी बसून रागानं रडले. हे वाईट दिसलं असेल तर दिसू दे.

तेराव्याला बाबा होते, बोटीनं दासगावला उतरून आले होते. काका वरच्या वाडीतून दोन्ही मुलांना घेऊन आले. जेवणं झाल्यावर काकांनी विषय काढला. "वहिनीनं पानी कोंडून कोंडून जमीन नासवली. आता पोरीच्या नि घरजावयाच्या हातात ठेवून काय राह्यचं? माझी पोरं हायत, ती बघतील." आई, हेच वाक्य मी तुला तोंडावर कितीदा बोलले होते. शब्दाला शब्द हेच. पण ते काकांच्या तोंडून ऐकलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुझ्या नावाचा भात अजून पत्रावळींवर होता. मी ओटीवर बाप्यांच्या मधे जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, जमीन नासलेली नाही. मी तिच्यात वाल काढून दाखवते. काका हसले. काठावरच्या शेतकऱ्यांपैकी चार जण होते तेही हसले. बाबा म्हणाले, "हा शिमगा सोडू. पुढल्या शिमग्याला मी येतो. वाल दिसले तर जमीन हिची. नाय दिसले तर तुझ्या पोरांची." मला बाबांचाही राग आला. तुझी किल्लेदारी वर्षानुवर्षं मिरवणाऱ्या माणसानं तुझी बाजू घ्यायला एक शब्द खर्चला नाही.

म्हणून चैत्रात मी पहार उचलली. आधी राखणीचा दगड हलवायला हवा होता, कारण तो नेमका खालच्या कोपऱ्यावर होता. शेजारची म्हातारी बांधाखाली येऊन उभी राहिली. "राखण हलवू नको गो, तुझ्या आयनं बसवलेली," ती म्हणाली. "आयनं बसवली, लेक हलवतेय," मी म्हणाले. "परक्यानं तर नाय ना हात लावला?" ह्यांनी आणि मी मिळून तो उचलून बाजूला ठेवला, त्याच्यापुढं नारळ फोडला, आणि मी पहिला घाव घातला.

पहार वाजली आणि उसळून परत आली. आई, मी तुझ्याशी भांडले ते बांधाच्या जागेवरून. बांध कसा बांधलास ते मी तोवर पाहिलंच नव्हतं. आत दगडाला दगड असा बसवलेला की बोट जाईना. प्रत्येक उन्हाळ्याची तांबडी माती वेगळी दिसत होती, थरावर थर, चोपून चोपून गुळगुळीत केलेली. एका थरात तुझ्या काचेच्या बांगडीचा हिरवा तुकडा निघाला. तुझ्या त्या कामाचे मी तुकडे करत होते आणि काठावरचे बाप्ये बांधावर बसून विड्या ओढत गंमत बघत होते. मी त्यांना म्हणाले, बघताय काय, असा बांध तुमच्या सात पिढ्यांत कुणाला जमला असेल तर सांगा. चुकीच्या जागी घातला होता, पण काय घातला होता! दुपारी माझ्या तळहातांची सालं निघाली. ह्यांनी पहार मागितली, मी दिली नाही.

बांधाखाली चर खणताना ती माती पहिल्यांदा पोटापर्यंत उघडी झाली. वर वाळकं, चिरा पडलेलं कवच. त्याच्याखाली राखाडी-तांबडी ठिपकेदार. त्याखाली नुसती निळी, चिकणी, आणि चैत्राच्या त्या उन्हात तिच्या अंगातून पाणी झिरपत होतं. खणून वर टाकलेला निळा गोळा दुपारपर्यंत उन्हात वरून तपकिरी पडायला लागला. मी तो ह्यांना दाखवला. ते म्हणाले, "वारा लागला तिला." मला तेवढं पुरे होतं. चर ओढ्याला नेऊन सोडला. ह्यांनी ऐनाच्या फळ्यांची उघाडी केली आणि ती त्या खिंडारात बसवली. दोन्ही बाजूंना तुझे दगड जसेच्या तसे ठेवले, कारण त्यांच्याइतकं घट्ट काही मिळणार नव्हतं. राखण मी उघाडीच्या डोक्यावर बसवली. तिथूनच बघ म्हटलं.

आषाढात पूर आला. ओढा तुंबून उलटा आमच्याकडे यायला लागला तेव्हा ह्यांनी झडप पाडली. पाऊस ओसरला, ओढा खाली गेला, मी झडप वर केली. आतलं पाणी चरातून निघालं ते घरी जाऊन भाकऱ्या करून येते तो शेतात नुसती ओल होती. मी बांधावर उभी राहून मोठ्यानं हसले. पण लगेच सगळं फळलं असं मी तुला खोटं सांगणार नाही. त्या साली भात पूर्वीइतकंच तांबूस. माती एका पावसाळ्यात बदलत नाही, ती तुझ्याइतकीच हट्टी आहे. काकांचा मोठा मुलगा दिवाळीला मुद्दाम येऊन बघून गेला आणि जाताना म्हणाला, "ताई, उगा दमलीस. पुढल्या साली इथं आमी गुरं सोडू." मी त्याला चहा दिला आणि म्हटलं, वाल खाऊन जा असं तुला शिमग्याला म्हणेन.

कार्तिकात वाल टाकले. पौषात मी रोज डोळे फाडून बघायचे. शेतभर जागोजाग मेलेली, वाळलेली पानं. पण चराच्या दोन्ही अंगांना, माणूस आडवा झोपेल एवढ्या रुंदीचा एक पट्टा हिरवागार उभा राहिला. दुसरीकडे काही नाही. शिमग्याला बाबा आले, काका आले, दोन्ही मुलं आली. पालखी गावात फिरत होती, ढोल ऐकू येत होते, आणि आम्ही सगळे त्या पट्ट्यापाशी उभे. "एवढ्याशावर जमीन ठेवायची?" काका म्हणाले. "हा काय वाफा हाय?"

"वाफा नाय काका," मी म्हणाले, "सुरुवात हाय. हा पट्टा मी दर साल रुंद करीन. तुमच्यानं होणार असेल तर तुम्ही आत्ता करून दाखवा, मी घर सोडून जाते." बाबा खाली बसले. त्यांनी एक रोप मुळासकट उपटलं, मुळं धोतराला पुसून बघितली. पांढरी होती. ती माती त्यांनी नाकाशी नेली. मग काकांकडे न बघताच म्हणाले, "जमीन मेली नाय. पोरीकडंच राहू दे." काका त्या रात्री जेवायला थांबले नाहीत. त्यांच्या मुलांना मी बिरडं वाढलं, आणि दोघांनीही ते मागून घेतलं.

पट्टा रुंद होत गेला. त्याला जोडून मी आडवे चर काढले, दर उन्हाळ्यात एखादा. आज वाल शेताच्या पार टोकापर्यंत जातात, एका कोपऱ्यात अजून सायीचं पाणी थांबतं तेवढं सोडून. माती फोडली तर तांबड्या नळ्या आहेत, पण निळी आता खूप खाली गेली. तो वास गेला. काठावरचे लोक आता त्यांच्या खोलगटात उघाडी बसवायला ह्यांना बोलावतात, आणि तेच लोक त्यांना घरजावई म्हणायचं विसरलेत. मी विसरले नाही. बोलावतात तेव्हा मी आधी नाही म्हणते, मग दोन दिवसांनी पाठवते.

तुझ्या आजारपणाचं तेवढं माझ्या मनातून जात नाही. लोक म्हणायचे, साचलेल्या पाण्यानं बाईला खाल्लं. खरं असेल, नसेल. पण तू शेताला जपलंस तितकं मी तुला जपू शकले नाही, कारण तुझ्याशी भांडण्यातच माझा सगळा जीव गुंतलेला होता. भांडले नसते तर दुसरं काय केलं असतं, ते मला आजही कळत नाही. पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा भांडेन.

हा कागद कुठं पाठवायचा प्रश्नच नाही, आणि घरात ठेवायचाही नाही. कुणाच्या हाती लागला तर माझी पंचाईत होईल, म्हणून लिहून झाला की मी तो फाडणार आहे. पंचाईत अशी, की वाल पहिल्यांदा शेतभर आले त्या साली लोक म्हणायला लागले, आईनं नासवली, लेकीनं सुधारली. कौतुकानंच म्हणत होते, माझ्यासमोर, हातात माझ्याच शेंगा घेऊन. मला ते ऐकवेना. मी म्हणाले, उघाडीचं माझ्या आईनंच ठरवलं होतं. जागा तिनंच दाखवली होती, ताप आला नसता तर तिनंच बसवली असती, मी फक्त तिनं सांगितलं ते केलं. म्हातारपणी बाबांनी विचारलं तेव्हा त्यांनाही तेच सांगितलं, आणि ते म्हणाले, कारभारणीचं डोकंच तसलं. आता सगळी वाडी तिला तुझी उघाडी म्हणते. हे खोटं आहे आई, आणि मी ते मागे घेणार नाही. तू चुकलीस असं म्हणायचा हक्क माझा एकटीचा आहे.